खोड घोडीची की तबेल्याची?

(प्रभागसंघाच्या नोव्हेंबर महिन्याच्या सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पशुधन कर्ज आणि थकबाकी' असं लिहिलंय. पण मी आज आकडे कमी सांगणार आहे आणि एका घोडीची गोष्ट जास्त. घरात घोडा नाहीतर घोडी असलेल्या किती जणी आहेत इथे? हात वर करा बरं. चार. बाकीच्यांना वाटेल, आमच्याकडे शेळ्या-म्हशी, आम्हाला काय त्याचं? थोडं ऐकून घ्या. शेवटी तुमच्या गोठ्यापर्यंत येणारच आहे मी.

ज्या ताईंची ही घोडी, त्या इथेच बसल्यात. गोष्ट सांग म्हणाल्या, नाव घेऊ नको म्हणाल्या. म्हणून मी नुसतं 'ताई' म्हणेन.

ताईंच्या घरी वरातीचा धंदा. मागच्या वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून त्यांनी घोडी आणली. गटातून 50 हजारांचं कर्ज, वर घरचे 25 हजार. हप्ता महिन्याला अडीच हजार. लग्नसराईत घोडी छान चालली. बँड वाजला तरी बुजायची नाही, लहान पोरं पाठीवर बसवली तरी शांत. आषाढापर्यंत एकही हप्ता चुकला नाही. गटाच्या वहीत तशी नोंद आहे.

मग आषाढी एकादशी आली. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे वराती नाहीत. तुळशीचं लग्न लागेपर्यंत घोडी बसून. एवढं घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं, बाजूला थोडे पैसेही ठेवले होते. पण श्रावणात मी हप्त्याचं विचारायला गेले तर ताई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, हप्त्याचं सोडा, घोडीच हातची चालली.

मी आत जाऊन बघितलं. घोडी तबेल्याच्या दारात उभी राहून डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत होती. थांबतच नव्हती. मधेच गव्हाणीच्या लाकडावर दात रोवायची, मान ताणायची आणि ढेकर दिल्यासारखा आवाज काढून वारा गिळायची. गव्हाणीचा काठ कुरतडून पांढरा पडला होता. बरगड्या दिसत होत्या, लीद पातळ. आठ दिवसांपूर्वी तिने ताईंच्या मालकांना लाथ मारली होती. त्यामुळे तिला अगाडी-पिछाडी बांधून ठेवली होती, म्हणजे पुढूनही दोर आणि मागच्या पायांनाही दोर.

घरात आणि गल्लीत जेवढी माणसं तेवढी कारणं. कुणी म्हणे नजर लागली. कुणी म्हणे हिच्या अंगावरचा भोवराच वाईट, घेतानाच बघायला हवा होता. कुणी म्हणे ही मुळात खोडील, विकणाऱ्याने फसवलं. पुतण्या काठी घेऊन बसायचा, घोडीने लाकडाला तोंड लावलं की हाणायचा. एक व्यापारी येऊन 30 हजार सांगून गेला होता. मालक देऊन टाकायच्या विचारात होते. 75 हजारांची घोडी 30 हजारांत गेली असती, आणि डोक्यावर कर्ज तसंच राहिलं असतं.

आता माझी चूक सांगते. मी समाजकार्य शिकलेली, जनावरांचं काही शिकलेले नाही. मला घोडी वाळलेली दिसली. मी म्हटलं, खुराक वाढवा, हरभरा जास्त घाला. ताईंनी माझं ऐकून उधारीवर हरभरा आणला. दहा दिवसांनी गेले तर लीद आणखी पातळ, लाकूड चावणं दुप्पट. म्हणजे मी मदत करायला गेले आणि नुकसान करून आले. म्हणून पहिलीच गोष्ट सांगते: आपल्याला कळत नसेल तर सल्ला देऊ नये, आधी डॉक्टरला बोलवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आम्ही तो फोन त्या दिवशी केला. तो आधीच करायला पाहिजे होता.

डॉक्टर आले. त्यांनी आधी तबेल्याबद्दल काही विचारलं नाही, घोडी तपासली. म्हणाले, जनावर विचित्र वागतंय म्हटल्यावर पहिला प्रश्न, त्याला कुठे दुखतंय का? दुखण्यावर उपाय नाही केला तर बाकीचं सगळं फुकट. ताप बघितला. घोड्याचं अंग निरोगी असताना साधारण 99 ते 101 फॅरनहाइट असतं. स्वस्थ उभी असताना नाडीचे ठोके मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. ते ठीक होतं. माश्यांमधून होणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त घेतलं, त्यातही काही निघालं नाही. मग तोंड उघडून दात बघितले. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. सारखे झिजले नाहीत तर कडांना धार येते, ती धार गालाला आणि जिभेला लागते. हिच्या दाढांना धार आलेली होती, गालाला आतून जखम होती. त्यांनी कानसने घासून कडा बोथट केल्या. नालही तीन महिने बदललेले नव्हते. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा.

दात घासले, नाल बदलले, पोटासाठी औषध दिलं. मग डॉक्टर म्हणाले, आता दुसरा प्रश्न. ही असं कधीपासून करायला लागली, आणि त्याच्या आगेमागे काय काय बदललं?

मालक म्हणाले, काही बदललं नाही.

ताई दारामागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, सगळंच बदललं की.

आणि मग त्या जे बोलल्या ते मी तुम्हाला एकेक करून सांगते. आषाढाआधी घोडी गावाच्या कडेला निंबाखाली बांधलेली असायची. समोर रस्ता, जाणारी-येणारी माणसं. शेजारी दिरांचा म्हातारा घोडा. दिवसभर बांधावरचं गवत थोडं थोडं तोंडात. पाऊस सुरू झाला तेव्हा ती भिजू नये म्हणून घरच्यांनी घराच्या मागे नवा तबेला बांधला. प्रेमानेच बांधला. आठ फूट बाय दहा फूट, तिन्ही बाजूंनी पत्रे, दार शेजारच्या भिंतीकडे. त्याच महिन्यात दिरांनी म्हातारा घोडा विकला. वराती बंद, म्हणून चालणं बंद. काम नाही म्हणून कडबा कमी केला, सकाळ-संध्याकाळ एक-एक पेंढी. पण हरभरा चालूच, कारण घोडीला हरभरा दिलाच पाहिजे असा समज.

म्हणजे बघा, पंधरा दिवसांच्या आत तिची जागा गेली, सोबत गेली, चालणं गेलं आणि दिवसभराचं चरणं गेलं. आणि आपण म्हणत होतो, खोड घोडीची.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मोकळा घोडा दिवस-रात्र मिळून पंधरा-सोळा तास चरतो. त्याचं पोट अंगाच्या मानाने लहान. त्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. ते आम्ल मारायला लाळ लागते, आणि घोड्याची लाळ सुटते ती चावतानाच. चारा संपला की चावणं थांबतं, लाळ थांबते, आम्ल मात्र चालूच. मग पोटात जळजळ, पुढे जखमा. त्यात नुसतं धान्य घातलं तर पाच मिनिटांत गिळून होतं, चावणं काही होत नाही. मी हरभरा वाढवून काय केलं ते तेव्हा कळलं.

दुसरं, घोडा हा कळपातला प्राणी. रानात त्याचं संरक्षण म्हणजे सोबत आणि पळणं. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, आवाज लांबून येतो. अशा जनावराला तीन पत्र्यांच्या आत एकटं उभं केलं आणि पाय बांधले, तर धोका आला की नाही हे त्याला बघताही येत नाही आणि पळताही येत नाही. मग ते डोलतं, लाकूड चावतं, वारा गिळतं. या सवयी म्हणजे माजही नव्हे आणि खोडसाळपणाही नव्हे. मारलं तर ताण वाढतो आणि सवय आणखी घट्ट होते.

आता ही कारणं चार-पाच. यातलं मोठं कोणतं हे कसं शोधायचं? डॉक्टर रोज येणार नाहीत. तेव्हा ताईंनी गटाच्या वहीसारखी एक वही केली. आपण हिशोबाला रकाने पाडतो तसेच रकाने. वेळ, घोडी काय करत होती, गव्हाणीत चारा होता का, लीद किती वेळा आणि कशी, रात्री बसली-झोपली का, शेजारी काय चाललं होतं. दिवसातून पाच वेळा नोंद. लिहायला मुलीने मदत केली. दहा दिवस.

दहा दिवसांनी आम्ही ती वही घेऊन बसलो. काय निघालं?

लाकूड चावणं सगळ्यात जास्त हरभरा दिल्यावर, आणि पहाटे. रात्री आठला गव्हाण रिकामी व्हायची ती सकाळी सहापर्यंत रिकामीच. दहा तास!

डोलणं सगळ्यात जास्त सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला. त्या वेळी घरासमोरून शेळ्या चरायला जातात आणि परत येतात. तिला आवाज यायचा, दिसायचं काही नाही.

पाऊस पत्र्यावर जोरात पडला त्या तिन्ही रात्री तिला घाम फुटलेला होता.

आणि एक नोंद ताईंनी स्वतःहून केली होती. सकाळी अंगाला कधीच काही चिकटलेलं नसतं. म्हणजे घोडी रात्री आडवी होतच नाही. घोडा उभ्या-उभ्या डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावं लागतं, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. हिच्या पुढच्या गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा होत्या. आम्हाला वाटलं दोराने झालं. डॉक्टर म्हणाले, झोपेने पाय मुडपून पुढे कोसळत असेल तरी असं होतं. जमीन बघितली तर ओली, उतार आतल्या बाजूला, मूत तिथेच मुरलेलं. ताईंना मी सांगितलं, तुम्ही उकिडव्या बसा आणि तिथे श्वास घ्या. उभं राहिलं की वास कमी येतो, खाली बसलं की डोळे चुरचुरतात. घोडी झोपेल तेव्हा तिचं नाक तिथेच असणार.

त्या दिवशी ताईंच्या सासूबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा चार महिने अशीच मागच्या खोलीत होते. मला कुणी वही नाही केली." कुणीच काही बोललं नाही. मालकांनी उठून पिछाडीचा दोर सोडला.

मग बदल केले. एकदम सगळे केले असते तर कशाने गुण आला ते कळलं नसतं, म्हणून एकेक केला.

आधी चारा. साडेतीनशे किलोच्या जनावराला दिवसाला निदान पाच ते सात किलो कोरडा चारा लागतो. दादरचा कडबा कुट्टी करून आणि बांधावरचं गवत, दिवसातून पाच वेळा, शेवटचा घास झोपण्याआधी रात्री दहाला. हरभरा एकदम बंद नाही केला, दहा दिवसांत हळूहळू निम्म्यावर आणला. घोड्याचं खाणं बदलायचं तर असंच हळू बदलायचं, नाहीतर पोटशूळ होतो. मिठाचा खडा ठेवला. पाणी बादलीभर दोनदा मिळायचं, ते आता कायम समोर. एवढ्या घोडीला दिवसाला 25-30 लीटर सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आठवड्यात लीद बांधून यायला लागली.

दुसरा बदल, एका बाजूचा पत्रा छातीच्या उंचीपासून वर कापून काढला. कडा आत वळवल्या, लागू नये म्हणून. आता तिला अंगण दिसतं, शेळ्या दिसतात. एक शेळी तिच्या शेजारी बांधायला लागले. दुसरा घोडा घ्यायची ऐपत नाही, पण शेळीची सोबतही चालते. सकाळ-संध्याकाळचं डोलणं पाच-सहा दिवसांत निम्म्याने कमी. वहीत आहे ते.

तिसरा, जमीन. मुरूम टाकून उतार बाहेर काढला, वर गव्हाचं काड. रोज ओलं काढायचं, कोरडं टाकायचं. छपरावर जुनी पोती आणि पाचट टाकून बांधली, आवाज मवाळ झाला. बाराव्या दिवशी सकाळी ताईंचा मला फोन, "घोडीच्या अंगाला काड चिकटलंय!" इतका आनंद मला परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता.

चौथा, चालणं. आतमध्ये ती मोकळी, फक्त मोरकी. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास हातात धरून फिरवणं. सकाळी मालक, संध्याकाळी ताई. गावात आधी लोक हसले. बाई घोडी फिरवते म्हणून. आता हसत नाहीत.

सगळं बरं झालं असं मी सांगणार नाही. लाकूड चावणं पूर्ण गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ही सवय एकदा मुरली की कारण गेल्यावरही थोडी उरते, कदाचित कायमची. म्हणून पहिल्या आठवड्यात ओळखणं महत्त्वाचं. पण अंग भरलंय, लाथ मारत नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर गेल्या आठवड्यात पहिल्या वरातीला गेली. दोन तासांनी तिला बाजूला घेऊन पाणी पाजायचं आणि डीजेच्या भोंग्याजवळ उभी करायची नाही, असं ताईंनी मालकांना बजावून पाठवलं होतं.

हप्त्याचं सांगते, कारण विषयपत्रिकेत तेच आहे. भाद्रपद-आश्विनाचे दोन हप्ते गटाने ठराव करून पुढे ढकलले. घोडी 30 हजारांत गेली असती तर तो पैसा गटाचाच बुडाला असता. थकबाकी दिसली की आपण आधी हप्ता विचारतो. मी तरी तेच केलं. आता मी आधी गोठ्यात जाते.

आता शेवटचं, सगळ्यांसाठी. जनावर बांधल्या जागी अस्वस्थ झालं, मग ती म्हैस असो की शेळी, की घोडी, तर हे प्रश्न या क्रमाने विचारा. एक, दुखतंय का? तोंड, पाय, पोट, ताप. दोन, काय बदललं? जागा, माणूस, चारा, काम. तीन, चारा किती वेळ समोर नसतो? चार, त्याला दुसरं जनावर दिसतं का? पाच, ते बसतं का, झोपतं का, खालची जागा कोरडी आहे का? सहा, ते किती चालतं? सात, आवाज, अंधार, माश्या?

आणि घोडीवाल्या चौघींसाठी खास: घोडी पोटाकडे वळून बघत असेल, पायाने माती उकरत असेल, सारखी उठबस करून लोळत असेल, लीद बंद झाली असेल, तर वही नको, घरगुती काढा नको, कुणाचा सल्ला नको. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ काही तासांत जीव घेतो. लगेच 1962.

या सातही प्रश्नांची उत्तरं घरात बहुतेक एकाच माणसाला माहीत असतात. लीद कोण काढतं? पाणी कोण ठेवतं? पहाटे आवाज आला तर कोण उठतं? ताईंना आषाढापासून सगळं माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, मी पण नाही विचारलं. पुढच्या महिन्यापासून पशुधन कर्जाची पाहणी करताना अर्जावर कुणाचंही नाव असो, गोठा जी सांभाळते तिच्याशी आधी बोलायचं, असा ठराव मी आज सभेपुढे ठेवते.

ताईंनी ती वही आणलीय. मागच्या रांगेपासून फिरवते, बघा सगळ्यांनी. रकाने कसे पाडलेत ते उतरून घ्या. आणि वही परत त्यांच्याच हातात द्या, संध्याकाळची नोंद राहिलीय.